शनिवारी खडू न धरणाऱ्या बाईंना

बाई,

तुमची प्रार्थना झाली नाही. हे आधी सांगून टाकते. इकडचं तिकडचं बोलून मग मूळ गोष्टीवर आलेलं तुम्हाला चालायचं नाही. "सुजाता, उत्तर पहिल्या ओळीत लिही. सजावट नंतर, वेळ उरला तर," हे तुम्ही मला नववीत सांगितलंत आणि आता मी माझ्या वर्गाला सांगते. म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. माणसाला माती दिल्यावर तुमच्यात जी कद्दीश म्हणतात, जिला तुमच्या ज्यू समाजाचे दहा पुरुष हजर लागतातच, ती तुमच्या कबरीपाशी कोणी म्हणू शकलं नाही. नऊ जमले. दहावा पोचला नाही.

यावर तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ठाऊक आहे. "नऊ? अगं, मी तर चारच धरले होते." आणि चष्मा काढून पदराने पुसत हसला असतात.

मला हसू येत नाही, बाई. अजून तुमचा महिनाही झालेला नाही. शाळेच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लिही, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला. जन्म कुठला, नोकरीला कधी लागल्या, निवृत्त कधी झाल्या, ते ऑफिसातून मिळेल आणि दुसरं कोणी लिहील. मला तुमच्याशी बोलायचंय. आपला एक वाद अर्धा राहिलाय. तो ज्या माणसामुळे सुरू झाला, त्याचं नावसुद्धा तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

वाद सुरू झाला शनिवारी. तुमच्याबाबतीत सगळं शनिवारीच सुरू व्हायचं.

'ज्यू' हा शब्द आम्हा मुलांना तेव्हा नीट माहीत नव्हता. महाडात तुमच्या घराला शनिवार तेल्यांचं घर म्हणायचे, कारण तुमचे आजोबा घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. पुढे घाणा गेला. नातेवाईक आधी मुंबईला गेले, मग बरेचसे इस्राएलला. महाडात तुम्ही उरलात आणि तुमचा शनिवार उरला. त्या दिवशी तुमच्यात लिहायचं नसतं. पण शाळा शनिवारी सकाळची असतेच. म्हणून तुम्ही यायचात, हजेरी वर्गाच्या मॉनिटरकडून घ्यायचात, आणि खडूला हात लावायचा नाहीत. एकदा नव्या शिक्षकांनी स्टाफरूममध्ये टोमणा मारला, "बाई, धर्म पाळायचा तर पूर्ण पाळा, घरी बसा." तुम्ही म्हणालात, "शाळा सोडता येत नाही हो. खडू सोडता येतो."

शनिवारी फळा कोरा. आमच्या वह्याही मिटलेल्या. इतिहासाचा तास म्हणजे नुसती गोष्ट. आणि ती गोष्ट परीक्षेला नसायची.

मी पोलादपूरच्या पलीकडची, उमरठच्या वाटेवरच्या बौद्धवाडीतली. आमच्या घरात दहावीपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. महाडला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होते. वर्गात माझा आवाज कोणी ऐकलेला नव्हता, कारण तोंड उघडलं की 'नाय' आणि 'हाय' बाहेर पडायचं आणि पेठेतल्या मुली एकमेकींकडे बघायच्या. मी मागून दुसऱ्या बाकावर बसायचे आणि शनिवारची वाट बघायचे.

त्या शनिवारी तुम्ही टेबलाच्या कडेला टेकून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आज एका कवीची गोष्ट. तो माझ्या लोकांचा धर्मगुरूही होता. सात-साडेसातशे वर्षं झाली असतील. खूप लांब, थंडीच्या देशात, आपल्या सावित्रीसारख्या नदीकाठच्या गावात राहायचा."

"नाव काय बाई त्याचं?" मागच्या बाकावरून संदेशने विचारलं.

"आज लिहायचं नाही ना? मग नाव कशाला? नाव सांगितलं की तुम्ही त्याच्याखाली रेघ मारता आणि माणूस विसरता."

त्या देशात तुमच्या लोकांना वेगळी टोपी घालावी लागायची, कपड्यावर खूण लावावी लागायची, गावात कुठे राहायचं तेही दुसरे ठरवायचे. रोग आला, पोर हरवलं, विहिरीचं पाणी बिघडलं, काहीही झालं तरी बोट यांच्याकडे. हा मुलगा तरुणपणी शिकायला परक्या राजाच्या राजधानीत गेला. तिथे राजाने हुकूम काढला की या लोकांचे धर्मग्रंथ जप्त करा. घराघरांतून, पाठशाळेतून ग्रंथ काढले आणि गाड्यांत घालून चौकात आणले. तेव्हा छापखाना नव्हता. तुम्ही हाताने अक्षर गिरवून दाखवलंत, खडूशिवाय, हवेत. "एक ग्रंथ उतरवायला माणसाच्या डोळ्यांचं पाणी व्हायचं. असे गाड्या भरून ग्रंथ. सगळे पेटवले. आणि हा पोरगा गर्दीत उभा राहून बघत होता."

मग त्याने कविता लिहिली. जळालेल्या ग्रंथाशी तो बोलला, जसं आपण गेलेल्या माणसाशी बोलतो. ती कविता तुमचे लोक अजून वर्षातल्या एका उपासाच्या दिवशी जमिनीवर बसून म्हणतात, असं तुम्ही सांगितलंत.  पेठेतल्या मुलीही पुढे सरकून ऐकत होत्या.

आणि मी उभी राहिले. का उभी राहिले ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, "बाई, आमच्यात पुस्तक जाळल्याचा दिवस पाळतात."

कोणीतरी खुदकन हसलं. तुम्ही हात वर करून त्याला थांबवलंत. "कोणी जाळलं?"

"आमच्या माणसांनी. इथंच, महाडात. माझे पणजोबा होते तिथं. माझे वडील, आबा, दर डिसेंबरला आम्हाला घेऊन येतात."

"कोणतं पुस्तक?"

"आम्हाला पाणी पिऊ नको म्हणणारं. ते जळलं ते बरं झालं, बाई. तुमच्या कवीला वाईट वाटलं, आम्हाला नाय वाटत."

'नाय' निघून गेलं तोंडातून. पण कोणी हसलं नाही.  मला वाटलं, आता वसतिगृहाच्या बाईंना निरोप जाणार. तुम्ही म्हणालात, "बरोबर प्रश्न आहे. मला विचार करावा लागेल. उद्या सांगते."

उद्या रविवार होता. सोमवारी तुम्ही काही सांगितलं नाहीत. त्यानंतर वीसेक वर्षं तुम्ही मला 'उद्या सांगते' म्हणत आलात.

गोष्ट मात्र तुम्ही पुढच्या शनिवारी पूर्ण केलीत. तो तरुण म्हातारा झाला, मोठा गुरू झाला. लांबलांबच्या गावांतून लोक त्याला प्रश्न विचारायचे आणि तो एकेकाला उत्तर पाठवायचा. दिवस आणखी वाईट आले, तेव्हा तो घरच्यांना घेऊन देश सोडून निघाला. डोंगरातल्या वाटेवर कोणीतरी त्याला ओळखलं आणि पकडून दिलं. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा कशेडीचा घाटच उभा राहिला, कारण दुसरा घाट मी पाहिला नव्हता. राजाने त्याला किल्ल्यात डांबलं. त्याच्या लोकांनी सोडवणुकीसाठी धन गोळा करायला घेतलं. त्याने आतून निरोप पाठवला, देऊ नका. मला सोडवलंत तर उद्या प्रत्येक गावचा गुरू धरून नेतील. तो तिथेच, त्या किल्ल्यात गेला. राजाने प्रेतही दिलं नाही. कित्येक वर्षं ते तसंच अडकून राहिलं. शेवटी एका सावकाराने आपल्याजवळचं सारं देऊन ते सोडवलं आणि बदल्यात एवढंच मागितलं की मी मेलो की मला याच्या शेजारी पुरा.

संदेश म्हणाला, "म्हंजे बाई, शेवटी पैसे दिलेच ना? मग आधीच द्यायचे!"

सगळा वर्ग हसला, तुम्हीही हसलात. "तुझ्यासारखा वकील तिथे नव्हता रे."

मला हसू आलं नव्हतं. मला त्या प्रेताचं वाईट वाटत होतं. इतकी वर्षं त्याच्यावर कोणी काही म्हटलं नसेल, हे मनातून जात नव्हतं. तास सुटल्यावर मी तुम्हाला गाठून विचारलं, "बाई, त्याची प्रार्थना कधी झाली?" तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा कद्दीशबद्दल सांगितलंत. तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती आहे. आणि ती एकट्याने म्हणता येत नाही, 'आमेन' म्हणायला बाकीचे लागतात. "दहा लागतात," तुम्ही म्हणालात. "महाडात मी एकटी. आणि मी तर मोजण्यातलीच नाही."

हे तुम्ही इतक्या सहज म्हणालात की मला ते कळायलाच बारा-पंधरा वर्षं गेली.

बाई, तुमचे उपकार असा शब्द लिहिला तर तुम्ही त्याला लाल शाईने गोल कराल. पण आमच्या वाडीत आलात ती दुपार मला लिहू द्या. बारावीनंतर आबांनी मला घरी आणलं होतं. मुंबईहून आलेलं स्थळ होतं. तुम्ही एसटीने पोलादपूरला उतरलात आणि तिथून उन्हातान्हात चालत आलात. आईने पाणी दिलं, ते तुम्ही उभ्या उभ्या सगळं प्यायलात. आई नंतर तेच सांगत राहिली, की बाईंनी आधी तांब्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ प्यायल्या.

आबा म्हणाले, "शिकून काय करंल ती, बाई?"

"भांडेल," तुम्ही म्हणालात.

"त्ये तर तिला आताच येतंय."

"आता ती घरात भांडते. शिकली की बाहेर भांडेल. तुम्हाला तेवढी शांतता."

आबा जे हसले, ते हसता हसताच हरले. स्थळ परत गेलं. मी महाडच्या कॉलेजात बी.ए. केलं, मग बी.एड. केलं. पोलादपूरला शाळेत लागले तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि म्हणालात, "त्या पुस्तकाचं मी काहीतरी ठरवलंय. बस."

किती वेळा असं 'ठरवलंय' झालं! एकदा तुम्ही म्हणालात, "मशाल कोणाच्या हातात ते बघायचं. तिथे राजाच्या हातात होती, त्याचं पोट भरलेलं होतं, त्याच्या दाराशी शिपाई होते. इथे ज्याला तळ्यापासून हाकललं त्याच्या हातात होती. दोन्ही आगी एक नाहीत."

मला आनंद झाला. म्हटलं, "चला, उत्तर मिळालं."

"नाही मिळालं. मशाल हातातून हातात जाते, सुजाता. आज ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे उद्या नसते. म्हणून मला आगीचाच भरवसा वाटत नाही."

"मग आमच्या पणजोबांनी काय करायचं होतं? कविता लिहायची?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "त्यांनी केलं ते बरोबरच केलं. मी त्यांच्या जागी असते तर काडी मीच ओढली असती. पण मला त्या कवीचंही रडू येतं. दोन्ही खरं असेल तर मी मुलांना काय शिकवू? उद्या सांगते."

आणि एकदा मी विचारलं होतं, सगळे गेले, तुम्ही का नाही गेलात? तुमची बहीण इस्राएलहून फोनवर रोज बोलवायची. तुम्ही म्हणालात, "तो कवी निघाला होता. घाटात पकडला गेला. मी निघालेच नाही, म्हणजे पकडले जाण्याचा प्रश्नच नाही." नंतर जरा वेळाने, चहा गाळताना, पाठमोऱ्या तुम्ही म्हणालात, "इथे मला सगळे बाई म्हणतात. तिथे मला कोण बाई म्हणेल?"

महापुराचं साल. सावित्रीचं पाणी तुमच्या माळ्यापर्यंत गेलं होतं. तुम्हाला शेजारच्या हसीना भाभींच्या गच्चीवरून उतरवलं तेव्हा तुमच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत तुमची प्रार्थनेची पोथी, भिजून चिखल झालेली. उजवीकडे हिब्रू, डावीकडे मराठी. तुमच्या आजोबांच्या वेळची. पाणी ओसरल्यावर मी आले. आपण दोघी तुमच्या ओल्या ओटीवर बसून एकेक पान सुटं करत होतो, मधे जुनं सुती कापड घालत होतो आणि वरून हलकी इस्त्री फिरवत होतो. गाव चिखल उपसत होतं आणि आपण पानं वाळवत होतो. संदेश फावडं घेऊन दारात आला, बघून म्हणाला, "बाई, बाकी काय नाय वाचलं काय तुमचं?" तुम्ही म्हणालात, "वाचलं की. तू वाचलास."

मधेच एका पानावर तुमचं बोट थांबलं. तुम्ही मराठी बाजू मला वाचायला दिलीत. दहा पुरुष असतील तर पुढील म्हणावे, अशा अर्थाचं काहीतरी होतं. तुम्ही म्हणालात, "बघ. मी जन्मभर या पोथीला जपलं. हिने मला एकदाही मोजलं नाही. तुझ्या पणजोबांचा नियम लावला तर आता सांग, मी हे पान जाळू का?"

मी इतिहासाची शिक्षिका, सगळ्या वादांत पुढे असणारी, आणि मी ते थट्टेवारी नेलं. मी म्हणाले, "बाई, इस्त्री जरा जास्त तापू दे, आपोआपच होईल."

तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला. पण इस्त्री तुम्ही लगेच उचललीत, हात लावून बघितलीत आणि प्लग काढलात. मग म्हणालात, "टाळलंस. ठीक आहे. हा प्रश्न तुझ्याकडे. आता तू उद्या सांग."

मी सांगितलं नाही. मला सापडलंच नाही, बाई.

तुम्ही गुरुवारी गेलात, संध्याकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. हसीना भाभींचा फोन आला, "बेटा, बाई उठतच नाय गो." मी आणि आबा पोचेपर्यंत भाभींनी तुमचे पाय सरळ करून चादर घातली होती आणि दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसून राहिल्या होत्या.

अलिबागकडचे हनोख काका, तुमच्या मावसबहिणीचे यजमान, ज्यांना मी तोवर फक्त तुमच्या बोलण्यातून ओळखत होते, त्यांनी फोनवर सगळं हाती घेतलं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत माती द्यायला हवी, कारण मावळतीला तुमचा शनिवार सुरू होतो आणि मग हात लावता येत नाही. अलिबाग, पेण, पनवेल, जिथून जमेल तिथून पुरुष निघाले. त्यांच्यासोबत दोन म्हाताऱ्या बायका आल्या, त्यांनी तुम्हाला आंघोळ घातली, पांढऱ्यात गुंडाळलं, सब्जाची पानं ठेवली. संदेश सकाळीच गवत कापायचं मशीन घेऊन गावाबाहेरच्या कबरस्तानात गेला होता. पावसाने तिथे कमरेएवढं माजलेलं. "बाईंच्या आजीआजोबांचे दगड सापडले," तो येऊन म्हणाला. "मधे जागा हाय."

दुपारपर्यंत नऊ पुरुष झाले. दहावा तुमचा भाचा, पुण्याचा डॅनियल. तो सगळ्यांच्या आधी निघाला होता. त्याचा फोन आला, "सुजाताताई, मी वरंध घाटात आहे. इथे रस्ता बंद केलाय, पोलीस सोडत नाहीत."

"अरे, पावसाळ्यात तो घाट बंदच असतो. महाडच्या कोणालाही विचारायचंस."

"फोनवरच्या नकाशात तर चालू दाखवत होता."

आबा बाजूला होते. म्हणाले, "नकाशाला पाऊस कळतो काय?"

तो परत भोरला फिरला आणि ताम्हिणीचा लांबचा रस्ता धरला. हनोख काकांनी हिशोब केला आणि नुसती मान हलवली. महाडात जन्मलेल्या बाईचा भाचा, महाडची वाट चुकला. तुम्ही त्याला लहानपणी इथे बोलवायचात आणि त्याची आई सुट्टीत त्याला शिबिराला पाठवायची. मला त्याचा राग आला नाही. तो फोनवर रडत होता.

आम्ही वाट बघितली. पाऊस धरलेला होता. सावित्रीच्या बाजूचं आभाळ खाली उतरलं तेव्हा काका म्हणाले, "आता नाही थांबता येणार."

कबरस्तानात तुमचे नऊ, आणि बाकी आम्ही. तुमचे विद्यार्थी, हसीना भाभी गेटपाशी, आमच्या वाडीतली माणसं टेम्पोने आलेली. आबांना दहाचं मी वाटेत सांगितलं होतं. ते सरळ काकांपुढे जाऊन उभे राहिले. "दहावा मी ऱ्हातो. मी हाय ना. बाई आमच्या घरी पाणी प्यायल्यात."

काकांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "उभे राहा, दादा. इथे माझ्या शेजारीच उभे राहा. पण मोजता नाही येणार."

आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. न मोजायची आमाला सवय हाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळेच मला ते सहन झालं नाही. काकांची मान खाली गेली.

बाई, तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते आणि माझ्या अंगाची आग होत होती. दहा पावलांवर तुमच्या त्या दोन म्हाताऱ्या बायका होत्या, जन्माच्या ज्यू, सगळ्या प्रार्थना पाठ. त्यांतली एक मोजली असती तरी झालं असतं. तुम्ही स्वतः जिवंत तिथे असतात तरी दहाव्या झाला नसतात. ज्या पोथीला आपण इस्त्री फिरवून वाचवलं, तीच काकांच्या हातात होती. फुगलेली, नीट न मिटणारी, आपल्या दोघींच्या हातची. मला नववीतल्यासारखं पुढे होऊन बोलायचं होतं. मला ती काकांच्या हातातून ओढून घ्यायची होती. माझ्या पणजोबांनी काय केलं आणि का केलं, ते त्या क्षणी मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं इतकं कळलं.

काकांनी स्तोत्र म्हटलं. आठ जण 'आमेन' म्हणाले. तुम्हाला खाली ठेवलं. माती झाली. आणि जिथे कद्दीश यायची तिथे काका थांबले. पान उघडं, ओठ मिटलेले.  पाऊस तेवढा छत्र्यांवर वाजत होता. मला त्या किल्ल्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या प्रेताची आठवण झाली.

त्या शांततेत आबांना वाटलं, विधी संपला. त्यांनी हात जोडले आणि आमच्यात म्हणतात तसं मोठ्याने म्हणाले, "साधु, साधु, साधु." आणि मागे आमची सगळी वाडी, बायकापोरांसकट, सवयीने म्हणाली, "साधु, साधु, साधु." तुमचे विद्यार्थीही म्हणाले, ज्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता तेही. त्या पडक्या कबरस्तानात इतका मोठा आवाज कित्येक वर्षांत झाला नसेल.

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता काका रागावणार.

काकांनी आबांकडे वळून विचारलं, "याचा अर्थ काय, दादा?"

आबा ओशाळले. "चुकलं काय? चांगल्या कामाला म्हंतात. चांगलं झालं, आमी बी त्यात हाव, असं."

 "आमेनचंही तसंच काहीसं आहे," काका म्हणाले.  कद्दीश त्यांनी म्हटली नाही. नियम त्यांनी मोडला नाही. पण त्यांनी आबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

डॅनियल अंधार पडल्यावर पोचला. तुमचा शनिवार लागला होता. शनिवारी कबरीवर जायचं नसतं, म्हणून तो गेटाबाहेर चिखलात उभा राहिला आणि मी त्याला दिव्याशिवाय दाखवता येईल तेवढं दाखवलं. पुण्याच्या प्रार्थनामंदिरात तो तुमच्यासाठी रोज कद्दीश म्हणतो, तिथे दहा होतात. महिना भरला की दहाजणांना घेऊन इथे येणार आहे. आबांनी त्याला दोनदा बजावलंय, माणगावावरनं ये.

आता तुमचा प्रश्न, बाई. तो माझ्याकडे आहे. 'मी हे पान जाळू का?'

उत्तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण मला ते अजून ओळीत मांडता येत नाही. फक्त काय झालं ते सांगते. काका जेव्हा त्या पानापाशी थांबले, तेव्हा मी त्यांच्या अगदी पाठीशी होते. त्यांच्या खांद्यावरून मला ते पान दिसत होतं. उजवीकडे हिब्रू, डावीकडे मराठी, कडेला आपल्या इस्त्रीची पिवळी खूण. काकांनी छत्री घेतली नव्हती. त्यांच्या टोपीवरून एक थेंब पानावर पडला, मग दुसरा. दहा पुरुष असतील तर, तिथेच. मला ते पान जळायला हवं होतं, बाई, खरंच हवं होतं. आणि माझी छत्री मी त्याच्यावर धरली. काका पोथी मिटेपर्यंत मी ती तशीच धरून उभी होते, आणि भिजत होते.

असं का केलं, ते उद्या सांगते.

तुमची,
सुजाता